मार्कडाऊनमधून पीडीएफ काढताना मराठी नेमकं कुठे मोडतं?

मार्कडाऊनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात तारे, हॅश अशा खुणा घालायच्या पद्धतीत, लिहिलेला मराठी मजकूर पॅनडॉक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला देऊन पीडीएफ काढली की काही ना काही बिनसतंच. कुणाची पानं कोरी येतात, कुणाला अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, कुणाची वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन बसते. सल्ला मात्र सगळ्यांना एकच मिळतो: ‘फॉन्ट बदलून बघ.’ अधूनमधून तो लागूही पडतो, म्हणून तर तो टिकून आहे. पण का लागू पडला हे कळलेलं नसतं, त्यामुळे पुढच्या अंकाला, पुढच्या अहवालाला किंवा नव्या लॅपटॉपवर तीच रड पुन्हा सुरू होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की फॉन्टला हात लावण्याआधी पानावर काय दिसतंय ते नीट बघा. कोरी जागा, रिकामा चौकोन, टिंबांचं वर्तुळ आणि सुटं पडलेलं जोडाक्षर ही वेगवेगळ्या दुखण्यांची लक्षणं आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

तुमचा मजकूर कुठून कुठे जातो ते आधी पाहू. पॅनडॉक मार्कडाऊन वाचतो आणि त्याचा लाटेक मजकूर बनवतो. लाटेक म्हणजे टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी मजकूर लिहायची भाषा. हा लाटेक मजकूर तो प्रत्यक्ष पानं जुळवणाऱ्या एका इंजिनाच्या हवाली करतो. इंजिन फॉन्टकडे अक्षरांचे आकार मागतं. देवनागरीत नुसते आकार मिळून भागत नाही. वेलांटी आधी आणायची, रफार वर चढवायचा, जोडाक्षर जुळवायचं हे काम वेगळं, त्याला शेपिंग म्हणतात. ते झालं की पीडीएफ. या साखळीत अक्षर कुठेही गहाळ होऊ शकतं.

पुढे आज्ञा आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर आणि फाइलीत ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची. ‘अमुक बरोबर तमुक’ असं जिथे म्हटलं आहे तिथे मध्ये = हे चिन्ह.

अख्खं पुस्तक चालवून चूक शोधत बसू नका. एका वेगळ्या फाइलीत एकच ओळ ठेवा:

‘वाऱ्याने हललेल्या ॲल्युमिनियमच्या शिडीच्या दुरुस्तीचा खर्च: ₹ ८५०.’

ओळ बावळट वाटेल, पण तिच्यात सगळी अवघड मंडळी बसवली आहेत: वाऱ्यातला आडवा र, ॲ, शिडीतली पहिली वेलांटी, खर्चातला रफार, ल्य आणि स्त ही जोडाक्षरं, मराठी वळणाचे ल आणि श, रुपयाचं चिन्ह आणि देवनागरी आकडे. ही ओळ नीट छापली गेली तर फॉन्ट आणि शेपिंग दोन्ही ठीक आहेत आणि गडबड मजकुरात किंवा मार्कडाऊनमध्ये आहे, असं मानायला हरकत नाही.

पीडीएफ तयारच होत नाही

पॅनडॉक मध्येच थांबतो आणि ‘युनिकोड कॅरेक्टर’ अमुकतमुक लाटेकसाठी ‘नॉट सेट अप’ असा संदेश देतो. सगळ्यांत सोपा बिघाड हाच. इंजिन कुठलं वापरायचं हे सांगितलं नाही तर पॅनडॉक पीडीएफलाटेक घेतो. त्याच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत एकेका फॉन्टला २५६ घरं असतात आणि देवनागरीची तिथे सोय नसते. पीडीएफ-इंजिन या पर्यायाला झीलाटेक हे मूल्य दिलं की हा संदेश जातो. पॅनडॉक स्वतःच इंजिन बदलायला सुचवतो, पण लाल अक्षरं दिसली की पुढचं कुणी वाचत नाही.

झीलाटेकच्या मुळाशी असलेलं झीटेक हे इंजिन जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये आणलं. त्याने युनिकोड मजकूर आणि संगणकात बसवलेले ओपनटाइप फॉन्ट थेट वापरता येऊ लागले. त्याआधी टेकमध्ये देवनागरी छापायची तर फ्रान्स वेल्थुइस यांचा संच होता. त्यासाठी मजकूर रोमन लिप्यंतरात टंकायचा, मग तो एका वेगळ्या प्रोग्रॅममधून काढायचा आणि मग लाटेकला द्यायचा. इंटरनेटवर सापडणारे बरेच जुने सल्ले त्या काळातले आहेत. सल्ल्यात ‘इनपुटेंक’ किंवा ‘फॉन्टेंक’ ही नावं दिसली तर तो तुमच्या कामाचा नाही असं समजून पुढे जा.

पीडीएफ येते, पण मराठी गायब

इंजिन बदलल्यावर बहुतेक जण इथे येऊन अडकतात. पीडीएफ होते, चूक एकही नाही, इंग्रजी शब्द आणि पान क्रमांक जागच्या जागी आहेत आणि मराठीच्या ठिकाणी पांढरी जागा. टर्मिनलवर मात्र ‘मिसिंग कॅरेक्टर’ अशा इशाऱ्यांची रांग लागलेली असते. त्या ओळी नीट वाचा, कारण कोणतं अक्षर कोणत्या फॉन्टात सापडलं नाही ते त्यांत नावानिशी लिहिलेलं असतं. फॉन्टचं नाव ‘एलएमरोमन’ असं काही असेल तर लॅटिन मॉडर्न हा लाटेकचा मूळ फॉन्ट अजून चालू आहे आणि त्यात देवनागरी नाही. म्हणजे तुम्ही फॉन्ट सांगितलेलाच नाही, किंवा सांगितला आहे पण चुकीच्या ठिकाणी.

फाइलीच्या माथ्यावर तीन आडव्या रेघांमध्ये जो यामल, म्हणजे ‘नाव: मूल्य’ अशा नोंदींचा, भाग असतो, तिथे मेनफॉन्ट या नावापुढे फॉन्टचं नाव द्यायचं. इथे दोन खड्डे आहेत. पहिला शीर्षकाचा. ‘सह्याद्री: वाटा आणि घाट’ असं शीर्षक अवतरणाशिवाय लिहिलं की मधल्या विसर्गासारख्या चिन्हावर यामल अडखळतो. शीर्षक अवतरणात घाला. दुसरा खड्डा नावाचा. फाइलीचं नाव आणि फॉन्टचं नाव एकच असेल असं नाही. लिनक्सवर एफसी-लिस्ट ही आज्ञा ‘लँग’ बरोबर ‘एमआर’ या अटीसह चालवली तर मराठी येणारे सगळे फॉन्ट त्यांच्या खऱ्या नावांसह समोर येतात. विंडोजवर फॉन्ट ‘फक्त या वापरकर्त्यासाठी’ बसवला असेल तर तो वेगळ्या फोल्डरमध्ये जातो आणि झीलाटेकला काही वेळा सापडत नाही. उजवी टिचकी मारून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय घेतला की प्रश्न मिटतो.

गुगल फॉन्ट्सवरून उतरवलेल्या झिपमध्ये बऱ्याचदा एक व्हेरिएबल (एकाच फाइलीत सगळ्या जाडी असलेला) फॉन्ट असतो आणि ‘स्टॅटिक’ नावाच्या फोल्डरमध्ये साध्या फाइली असतात. झीलाटेकसाठी स्टॅटिकमधल्याच घ्या. व्हेरिएबल फाइल बसवली तर ठळक अक्षर ठळक न येण्यापासून पीडीएफ मध्येच अडकण्यापर्यंत काहीही होतं आणि त्या गोंधळात तासभर सहज जातो.

सगळा मजकूर छान आला पण फक्त कोडच्या चौकटीतल्या मराठी टिपा गायब, अशीही एक तऱ्हा आहे. कोडसाठी मोनोफॉन्ट वेगळा असतो आणि तो अजून लॅटिन मॉडर्नच असतो. एकसमान रुंदीचा देवनागरी फॉन्ट शोधत बसण्यापेक्षा तिथे ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ यांपैकी एखादा साधा फॉन्ट लावावा. रकाने तंतोतंत जुळणार नाहीत, पण मजकूर वाचता येईल.

उलटंही होतं. जुन्या देवनागरी फॉन्टांत रोमन अक्षरंच नसतात, मग इंग्रजी शब्द गायब होतात. आणि चाचणीच्या ओळीत फक्त ₹ किंवा फक्त ॲ यांच्या जागी चौकोन आला तर फॉन्ट जुना आहे. रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये ठरलं आणि ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधीच्या फॉन्टांत ही दोन्ही कुठून असणार? ‘फॉन्ट बदल’ हा सल्ला खऱ्या अर्थाने लागू पडतो तो या ठिकाणी.

अक्षरं सगळी आहेत, पण सुटी सुटी

शिडीची वेलांटी श च्या आधी यायची ती नंतर आली, ‘खर्च’मधला रफार वर न चढता र पाय मोडून उभा राहिला, ‘ल्या’मध्ये ल खाली हलन्त घेऊन वेगळाच. हे पान बघितलं की माणूस आधी फॉन्टला शिव्या घालतो. पण फॉन्टात सगळे आकार आहेत. ते जुळवायला कुणी सांगितलेलंच नाही. मुख्य फॉन्ट सांगताना लिपी देवनागरी आहे हे वेगळं सांगावं लागतं. ते नसेल तर इंजिन रोमनसारखं एकामागून एक अक्षर मांडत जातं.

इलाज एका ओळीचा. यामलमध्ये मेनफॉन्टऑप्शन्स या नावाखाली स्क्रिप्ट बरोबर देवनागरी हे मूल्य द्या. सॅन्सफॉन्ट आणि मोनोफॉन्टसाठी त्यांचे त्यांचे ऑप्शन्स वेगळे द्यावे लागतात. शीर्षकं सॅन्स फॉन्टात असतील आणि फक्त तीच मोडत असतील तर तेवढंच राहिलं आहे असं समजा.

झीलाटेकऐवजी लुआलाटेक हे दुसरं इंजिन वापरत असाल तर आणखी एक पर्याय लागतो: रेंडरर बरोबर हार्फबझ. हार्फबझ म्हणजे शेपिंग करणारा प्रोग्रॅम. लुआलाटेक मुळात स्वतःच्या पद्धतीने शेपिंग करतं, आणि साधी जोडाक्षरं त्यात जमल्यासारखी वाटली तरी अवघड ठिकाणी पाय घसरतो. टेकलाइव्ह या टेकच्या तयार संचाच्या २०२० च्या आवृत्तीपासून लुआलाटेकमध्ये हार्फबझ आतच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. नुसतं मराठी पुस्तक करायचं असेल तर मी झीलाटेकच सुचवीन, कारण फॉन्ट शोधायला ते कमी नखरे करतं.

लिपी सांगितल्यावर जोडाक्षरं जुळतात, पण ल आणि श हिंदी वळणाचे येतात. बरेच देवनागरी फॉन्ट मुळात हिंदीचे आकार पुढे करतात. मराठीचे आकार आत असतात, पण भाषा मराठी आहे असं सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. म्हणून त्याच ऑप्शन्समध्ये लँग्वेज बरोबर मराठी हेही घाला. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या मराठी प्रमाणीकरणाच्या निर्णयात ल आणि श चे मराठी आकारच दिले आहेत, त्यामुळे शाळा किंवा शासकीय कामासाठी पीडीएफ करत असाल तर हे सोडून चालणार नाही. फॉन्टात मराठीची वेगळी सोय नसेल तर इंजिन तसा इशारा देतं आणि आकार बदलत नाहीत. तेव्हा टिरो देवनागरी मराठीसारखा मराठीसाठीच काढलेला फॉन्ट घ्यावा.

आडवा र हे प्रकरण थोडं वेगळं, कारण त्याचा संबंध टंकनाशी आहे. ‘वाऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे, घालून. दोन्हींनी पानावर आकार तोच येतो. पण फेसबुकवरून किंवा जुन्या वर्ड फाइलीतून मजकूर उचलताना हा जोडक गळून पडला की ‘वार्या’ होतं, आणि हे प्रूफ वाचतानाही डोळ्यांना पटकन दिसत नाही. अनेकांनी पाठवलेले लेख एकत्र करत असाल तर संपादकात शोधा-बदला वापरून सगळे आडवे र आधी ऱ च्या पद्धतीने करून घ्या. त्यात न दिसणारं काही नसल्यामुळे ते प्रवासात हरवत नाही.

टिंबांचं वर्तुळ

मात्रेच्या पोटात किंवा शेजारी टिंबांचं वर्तुळ दिसलं तर इंजिन आणि फॉन्ट निर्दोष आहेत. मजकुरात चिन्हांचा क्रम चुकला आहे. ‘शेंगा’ टंकताना अनुस्वार आधी आणि मात्रा नंतर पडली की मात्रा निराधार होते आणि वर्तुळाचा आधार घेते. मात्रेआधी चुकून जागा सुटली तरी तेच. पीडीएफमध्ये ज्या शब्दात वर्तुळ आहे तो मूळ फाइलीत पुसून पुन्हा टंकणं हाच उपाय, आणि एकच चूक वारंवार असेल तर तो चुकीचा क्रम जसाच्या तसा शोध चौकटीत चिकटवून सगळीकडे बदलता येतो.

ॲ चंही तसंच. काही कळफलक एकसंध ॲ देतात, काही अ आणि त्यावर अर्धचंद्र अशी दोन चिन्हं. एका फॉन्टात दोन्ही सारखी दिसतात, दुसऱ्यात अर्धचंद्र बाजूला सरकतो. एकसंध ॲ पक्का करा.

आणि मजकूर उघडल्यावर मार्कडाऊनच्या फाइलीतच रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल, तर तो श्रीलिपी, कृतीदेव किंवा तसल्या जुन्या फॉन्टांसाठी टंकलेला आहे. त्याला कुठलाही युनिकोड फॉन्ट लावून उपयोग नाही. आधी परिवर्तकातून युनिकोड करा, मग प्रूफ वाचा, कारण परिवर्तक जोडाक्षरांत हमखास दोनचार ठिकाणी चुकतात.

चूक मार्कडाऊनची, संशय फॉन्टवर

व्हॉट्सॲपवरून आलेल्या मजकुराने सर्वांत जास्त वेळ खाल्ला जातो, म्हणून इथे थोडं थांबू. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक तारा दिला की तो ठळक होतो. मार्कडाऊनमध्ये एकेका ताऱ्याचा अर्थ तिरपा ठसा. ठळकसाठी दोन-दोन तारे लागतात. आता गटावर कुणीतरी *सूचना* असं एकेका ताऱ्यात लिहून पाठवलं आणि तुम्ही ते तसंच चिकटवलं. पॅनडॉकने इमानेइतबारे तिरपा ठसा मागितला. देवनागरी फॉन्टांपैकी बहुतेकांत तिरपा ठसा नसतोच. लाटेकने ‘फॉन्ट शेप अनडिफाइंड’ असा इशारा दिला आणि साधा ठसा लावून पुढे गेलं. तारेही गेले, ठळकपणाही गेला, आणि सूचना आजूबाजूच्या मजकुरात मिसळून गेली. हे पाहून ‘पॅनडॉक ठळक करत नाही’ असं लोक सांगत सुटतात.

यात दोन गोष्टी करायच्या. एकेरी तारे दुहेरी करायचे, आणि तिरपा ठसा जिथे खरोखर हवा तिथे तो कसा दिसावा हे ठरवायचं. फॉन्टऑप्शन्समध्ये ऑटोफेकस्लँट देऊन अक्षरं यांत्रिकपणे तिरकी करता येतात. मला ती आवडत नाहीत. शिरोरेषा तिरकी न होता उभे दांडेच कलंडतात आणि ओळ पडायला आल्यासारखी वाटते. मराठी पुस्तकांत शब्दावर भर द्यायला जाड ठसा किंवा एकेरी अवतरण वापरण्याची रीत आहे. म्हणून इटॅलिकफॉन्ट या पर्यायात त्याच जातीचा जाड ठसा किंवा शोभेल असा दुसरा फॉन्ट लावावा. टिरो देवनागरी मराठीत तिरपा ठसा खराखुरा काढलेला आहे, पण त्यात जाड ठसा नाही, त्यामुळे तो लावला की शीर्षकं बारीक दिसू लागतात. तिथे बोल्डफॉन्ट वेगळा सांगावा. मुंबई आयआयटीत तयार झालेल्या शोभिकात साधा आणि जाड दोन्ही ठसे आहेत आणि रोमन अक्षरंही आहेत. संस्कृत अवतरणं असलेल्या मजकुराला तो मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

दुसरं ठिकाण क्रमवार याद्यांचं. इंग्रजी आकडा, टिंब आणि जागा असं असेल तर मार्कडाऊन त्याला यादी मानतो. देवनागरी ‘१.’ त्याला साधा मजकूर वाटतो. मग ‘१. पाण्याची बाटली’ खाली ‘२. शिधा’ खाली ‘३. बॅटरी’ असं लिहिलेलं सगळं पीडीएफमध्ये एका परिच्छेदात सलग छापलं जातं. प्रत्येक कलमामध्ये मोकळी ओळ सोडली तर कलमं वेगळी दिसतात, पण ते निव्वळ परिच्छेद असतात, यादी नव्हे. समास जुळत नाही. सरळ इंग्रजी आकड्यांत लिहा किंवा पॅनडॉकची हॅश आणि टिंब ही खूण वापरा, क्रम तोच लावतो. छापताना आकडे देवनागरी हवेत हे सांगायचं काम लाटेकचं. यामलमध्ये लँग हे मूल्य एमआर दिलं की बाबेल हा लाटेकचा भाषांचा संच मराठी सुरू करतो, आणि हेडर-इन्क्लूड्समध्ये, म्हणजे यामलमध्ये लाटेकच्या जादा आज्ञा लिहायच्या जागी, बाबेलप्रोव्हाइड या आज्ञेला मॅपअरेबिक पर्याय देऊन मराठीसाठी चालवलं की याद्या, प्रकरणं आणि पान क्रमांक सगळेच देवनागरी आकड्यांत येतात. मजकुराच्या मधले आकडे मात्र तुम्ही टंकाल तसेच राहतात.

यादीच्या आधी मोकळी ओळ हवी, शीर्षकाच्या आधीही हवी. ती नसली तर शीर्षकासाठी दिलेली हॅशची खूणच छापली जाते.

कविता, ओव्या, अभंग यांचं दुखणं वेगळं. मूळ फाइलीत एका ओळीखाली एक नीट लिहिलेला अभंग पीडीएफमध्ये गद्यासारखा सलग येतो, कारण मार्कडाऊनला साधी नवी ओळ म्हणजे नुसती एक जागा. ओळीच्या शेवटी दोन जागा दिल्या तर ओळ तुटते, पण त्या जागा दिसत नाहीत आणि अनेक संपादक फाइल साठवताना शेवटच्या जागा आपोआप काढून टाकतात. मग आज चाललेली फाइल उद्या चालत नाही. कवितेसाठी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला उभी रेघ आणि जागा द्या. पॅनडॉक त्याला ओळींचा गट मानतो आणि सुरुवातीची जास्तीची मोकळी जागाही जपतो, म्हणजे ध्रुपदाची ओळ आत घेता येते. एकच सावधगिरी: ही उभी रेघ दंडाची नव्हे, कळफलकावरची रोमन रेघ.

तक्त्यांबद्दल थोडक्यात. रेघांनी पूर्ण चौकटी आखायच्या ग्रिड तक्त्यात मराठीच्या भानगडीत पडू नका. मात्रांमुळे संपादकात रकाने कधीच सरळ दिसत नाहीत आणि एक रेघ हलली की तक्ता मोडतो. उभ्या रेघांचे साधे तक्ते पुरतात. त्यातला मजकूर पानाबाहेर जात असेल तर शीर्षकाखालच्या आडव्या रेघा लांब करा. तक्त्याची एखादी ओळ मूळ फाइलीत ठरावीक रुंदीपेक्षा लांब झाली की पॅनडॉक रकान्यांना रुंदी ठरवून देतो आणि मजकूर आत गुंडाळतो. ती रुंदी तो त्या आडव्या रेघांच्या प्रमाणात वाटतो.

जुळलं, पण पान नीट दिसत नाही

वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांना भिडतात. लाटेकचं मूळ ओळींतलं अंतर रोमनसाठी बेतलेलं आहे. लाइनस्ट्रेच १.२५ किंवा १.३ ठेवा.

लांब सामासिक शब्द उजव्या समासाबाहेर डोकावत असतील तर बहुधा मराठीचे शब्दतोडीचे नियम बसवलेले नाहीत. ते ‘हायफन-इंडिक’ नावाच्या संचात येतात. कमी जागेची लाटेक स्थापना असेल तर तो नसतो. तो बसवून लँग एमआर आहे याची खात्री केली की बहुतेक ओळी सुधारतात. ‘कंटेंट्स’ऐवजी ‘अनुक्रमणिका’ हवी असेल तर टॉक-टायटल या मूल्यात तसं लिहा. चित्रं भलत्या पानावर पळत असतील तर फ्लोट हा संच घेऊन आकृत्यांची जागा मोठ्या एचने पक्की करा.

एक बिघाड पानावर दिसतच नाही. पीडीएफ छान छापली जाते, पण शोध घेतला तर शब्द सापडत नाही, आणि मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर वेलांट्या आणि रफार इकडचे तिकडे होतात. पीडीएफमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवली जातात, वाचायच्या क्रमाने नव्हे. झीलाटेकसाठी हेडर-इन्क्लूड्समध्ये झीटेकजनरेटॲक्च्युअलटेक्स्ट या चलाला एक हे मूल्य दिलं की प्रत्येक शब्दामागे त्याचा खरा मजकूरही साठवला जातो. अंक संकेतस्थळावर ठेवायचा असेल किंवा दृष्टिहीन वाचक तो यंत्राकडून वाचून घेणार असतील तर हे केलंच पाहिजे.

पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून

एका यंत्रावर चालणारी फाइल दुसऱ्यावर का मोडते, याचं कारण बहुतेक वेळा फॉन्टची आवृत्ती असते. एकच नाव, पण एकाकडे २०१४ ची फाइल आणि दुसऱ्याकडे कालची. म्हणून फॉन्टच्या फाइली पुस्तकाच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि मेनफॉन्टऑप्शन्समध्ये पाथ, एक्स्टेन्शन, अपराइटफॉन्ट आणि बोल्डफॉन्ट देऊन त्या फाइलींवरच बोट ठेवा. मग यंत्रावर काय बसवलं आहे याला महत्त्व उरत नाही. बाकी सगळे पर्यायही प्रत्येक लेखाच्या माथ्यावर न लिहिता एका डीफॉल्ट्स फाइलीत ठेवावेत आणि पॅनडॉकला तीच दाखवावी.

इतकं करूनही काही अडलं तर थेट पीडीएफ न काढता स्टँडअलोन हा पर्याय देऊन आउटपुटच्या फाइलीचं नाव ‘टेक’ या शेपटाने द्या. पॅनडॉक बनवतो तो लाटेक मजकूर तुमच्या हातात येईल. त्यात अभंगाच्या ओळी सलग दिसत असतील तर दोष मार्कडाऊनमध्ये. तिथे सगळं बरोबर असेल तर ती फाइल झीलाटेकने चालवा आणि इशारे वाचा. मोठ्या पुस्तकात नेमका लेख सापडत नसेल तर निम्मा मजकूर काढून चालवायचा, मग त्यातला निम्मा.

ज्यांना पुस्तक नव्हे, चार पानांचं पत्रक किंवा सभेचा वृत्तांत हवा आहे, त्यांनी लाटेकच्या वाटेला जायची गरजही नाही. पॅनडॉकने एचटीएमएल काढून ब्राउझरमधून पीडीएफ छापली तर शेपिंग आपसूक नीट होतं. वीझीप्रिंट हे इंजिनही पॅनडॉकला चालतं आणि समास, पान क्रमांक सीएसएसने ठरवता येतात. डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ मात्र आता नव्याने उचलू नका. ते जुन्या ब्राउझरच्या गाभ्यावर उभं आहे आणि त्याचा विकास थांबला आहे. टाइप्स्ट हा नवा पर्याय पॅनडॉक ३ च्या मालिकेपासून जोडला गेला आहे. लाटेकच्या मानाने तो खूप लहान आहे, झटकन चालतो आणि त्याच्या चुका माणसाला कळतील अशा भाषेत असतात. फॉन्टचं नाव आणि भाषा सांगितली की देवनागरी जुळवायला त्याला आणखी काही लागत नाही.